वहिनींची घरगाडी

माझ्या वहिनींचा आवाज आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होता, चेहरा मात्र फार थोड्यांना. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे, जाळीच्या आत, माइकसमोर बसून त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती उशिरा सुटणार, कोणाचं पोर हरवून चौकशीपाशी रडत बसलंय, हे सगळं गावाला सांगायचं काम त्यांचं. बाजारात गेल्या आणि नुसतं "केवढ्याला?" म्हणाल्या तरी दुकानदार मान वर करून विचारायचा, "बाई, तुम्ही स्टँडवाल्या ना?" वहिनी लाजायच्या, पण आतून सुखावायच्या.

गंमत अशी की ज्या गावांची नावं त्या दिवसभर घ्यायच्या, त्यातलं एकही गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. लोकांना सुट्टी लागली की स्टँडवर पाय ठेवायला जागा नसे, आणि मग वहिनींची रजा नामंजूर. "निवृत्त झाले ना, की एकेका गाडीत बसून शेवटपर्यंत जाणार आहे," असं त्या म्हणायच्या.

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना एका दुपारी त्या माइकवर बोलता बोलता थांबल्या. "फलाट क्रमांक," एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. ड्रायव्हर-कंडक्टरांना वाटलं, माइक बिघडला. एकजण पाहायला गेला तेव्हा वहिनी खुर्चीतून एका बाजूला कलल्या होत्या.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि शब्द गेले. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द डोक्यात आहेत. बाहेर यायची वाट तेवढी मोडली आहे." दवाखान्यात पाचव्या-सहाव्या दिवशी पहिला शब्द बाहेर आला तो "अहो". दादा तोंडावर टॉवेल धरून ढसाढसा रडला. पुढे कित्येक दिवस तो एकच शब्द सगळ्या कामाला यायचा. पाणी हवं, अहो. खिडकी लावा, अहो. नर्स चांगली आहे, अहो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करतो. केसभर फरक पडला तरी त्याची झोप उडते. बायको घरी आल्यावर त्याने तसाच, केसभरही फरक पडू न देता, संसार हाती घेतला. औषधं वेळच्या वेळी, व्यायाम वेळच्या वेळी. आणि वहिनींनी तोंड उघडलं रे उघडलं की पुढचं वाक्य हा पुरं करणार. "तिला चहा नकोय." "तिला पंखा कमी हवाय." निम्म्या वेळा बरोबर असायचं. उरलेल्या वेळी वहिनी डोळे मिटून घ्यायच्या आणि नको असलेला चहा पिऊन टाकायच्या.

मी धाकटा दीर. माझी गाडी शिकवायची शाळा आहे. बायको नाही, पोरंबाळं नाहीत, त्यामुळे वहिनींना व्यायामाला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. तिथली फिजिओथेरपिस्ट तरुण पोरगी होती, कानात तीन बाळ्या, बोलायला फटकळ. ती चालायला शिकवताना कोपऱ्यातल्या स्पीकरवर इलेक्ट्रॉनिक संगीत लावायची. धप्, धप्, धप्, धप्, एकसारखा ठोका आणि त्यावर यंत्रातून निघालेले सूर. "ठोका पडला की पाऊल टाका," ती म्हणायची. "विचार करू नका. विचार केला की पाय अडतो."

पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी बोअरिंग खोदतायत. पण वहिनींचा पाय त्या ठोक्याला उचलला गेला. महिन्याभरात त्या काठी घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागल्या. मग घरीही तेच संगीत सुरू झालं. स्वयंपाकघरात धप् धप्, गॅलरीत धप् धप्. दादा कानात कापूस घालून भिंगं पुसत बसायचा.

मी एकदा गाडीत विचारलं, "वहिनी, जुनी गाणी लावू का? तुमच्या आवडीची?"

त्यांनी जोरात मान हलवली. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत शब्द शोधत राहिल्या. मी गप्प बसलो. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून बसून माझी एक सवय पक्की झाली आहे, समोरचा चुकेपर्यंत मध्ये पडायचं नाही.

"यात," त्या म्हणाल्या, "शब्द... नाहीत."

मला उशिरा समजलं. जुन्या गाण्यांत शब्द होते, तोंडपाठ होते, आणि आता गाताना मध्येच निसटायचे. या गाण्यात निसटायला काही नव्हतंच.

मोठ्या शहरात या संगीताचा महोत्सव भरतो, हे त्या फिजिओनेच सांगितलं. जिचं संगीत ती लावायची ती बाई तिथे भर दुपारी उघड्या मैदानावर वाजवणार होती. वहिनींनी फोनवर ती जाहिरात पाहिली आणि फोन दादाच्या ताटाशेजारी ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या. "जायचं."

"कुठे?"

वहिनींनी जाहिरातीवर बोट ठेवलं.

दादाने चष्मा वर केला, खाली केला. "ही पोराटोरांची जत्रा आहे. तिथे माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. तुला साधं बसमध्ये तासभर बसवत नाही."

हे खरं होतं. फार वेळ बसलं की वहिनींचा पाय आखडायचा, आडवं व्हावं लागायचं. शहर दिवसभराच्या वाटेवर. बस नाही, रेल्वे नाही. वहिनींचा चेहरा पडला. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, "मग पलंगच घेऊन जाऊ."

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एकाने कॅम्पर भाड्याने घेतली होती, ती माझ्या डोक्यात होती. मागे पलंग, ओटा, पाण्याची टाकी, एवढासा संडास, सगळं एका गाडीत. दादा म्हणाला, "ही काय भानगड?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, डावा तळवा डोक्यावर छपरासारखा धरला आणि मग त्याच हाताने हवेत स्टिअरिंग फिरवलं. "घर... गाडी," त्या म्हणाल्या. नाव ठरलं.

दादाला वाटलं, डॉक्टर नाही म्हणतील आणि परस्पर विषय मिटेल. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "जाऊ दे की. औषध चुकवायचं नाही, दर दीड-दोन तासांनी आडवं व्हायचं, कानात बोळे, उन्हात टोपी." मग दादाकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही जरा श्वास घेत चला."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मी महामार्गावर बोट ठेवून सांगत होतो, इथून सरळ, कुठेही वळायचं नाही. वहिनी मान हलवत होत्या. त्यांनी डाव्या हाताचं बोट जुन्या रस्त्यावर टेकवलं आणि अचानक, अगदी माइकवरच्या आवाजात, सुरू झाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दूध डेअरी, मोठा पूल, जुना नाका, घाटमाथा, तळेमार्गे शहराकडे जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. दादाच्या हातातला कप तसाच राहिला. वहिनींनाही धक्का बसला. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचे ओठ चाचपून पाहिले.

"अगं, बोललीस की! पुन्हा बोल. काय हवंय तुला? पाणी हवं?" दादा उठून उभाच राहिला.

वहिनींनी तोंड उघडलं. "प... प..." आणि काही नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण "पाणी" हा शब्द काही आला नाही.

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंना, ज्यांना आम्ही घरात बोलबाई म्हणायचो, मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "असं होतं. वर्षानुवर्षं घोकलेली वाक्यं वेगळ्या कप्प्यात असतात. तो कप्पा वाचलाय. चांगली गोष्ट आहे. त्याच्या दारातून दुसरे शब्द बाहेर काढता आले तर बघू."

तेव्हापासून प्रवासाचा बेत वहिनींच्या हाती गेला. महामार्ग रद्द, जुना रस्ता पक्का. आडवं व्हायला थांबायचं तेही त्यांच्याच थांब्यांवर. मोठ्या पुलापाशी पहिलं, घाटमाथ्यावर दुसरं. मी म्हणायचो, "वहिनी, इथे सावली असेल का?" त्या खांदे उडवायच्या. त्यांना काय माहीत? त्यांनी नुसती नावं घेतली होती. पण डोळे असे चमकायचे की मी पुढे विचारत नसे.

आता एक अडचण माझी. मी एवढी वर्षं गाडी शिकवतोय हे खरं, पण बसतो डाव्या बाजूला. शिकणारा चालवतो, मी पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घेतो. एवढं लांबलचक धूड मी कधी हाकलंच नव्हतं. कॅम्परच्या मालकाने बाजाराच्या मोकळ्या मैदानावर चालवून बघायला गाडी दिली. वहिनी बघायला आल्या आणि दादा काळजी करायला आला.

पुढे जाणं जमलं. मागे घेताना मात्र मी दोनदा दिव्याच्या खांबाकडे निघालो. दादा खिडकीतून ओरडत होता, "डावीकडे! तुझ्या डावीकडे! नाही, माझ्या!" एवढ्यात पत्र्यावर काठीचा एक ठोका पडला. टण्ण. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात पाहिलं तर वहिनी मागच्या कोपऱ्यापाशी उभ्या. त्यांनी काठी डावीकडे दाखवली, मी चाक वळवलं, आणि पत्र्यावर दोन ठोके पडले. टण्ण टण्ण. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. उभी हयात स्टँडवर काढलेल्या बाईला कंडक्टरची घंटा काय शिकवायची! त्या दिवशी मी ते धूड दोन पिंपांच्या मधून मागे घेतलं. वहिनी हसत होत्या, आवाज करून हसत होत्या. आजारपणानंतर मी ते हसू पहिल्यांदा ऐकलं.

दादा मात्र हसला नाही.

पुढच्या आठवड्यात मी गाडीच्या किल्ल्यांचं ठरवायला मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, "कशाला आलात? तुमच्या भावाने काल फोन करून बुकिंग रद्द केलं ना."

मी तडक दादाच्या घरी. रागाच्या भरात वहिनी समोर बसल्या आहेत हेही पाहिलं नाही. "दादा, गाडी रद्द केलीस? मला न विचारता? यांना न विचारता?"

दादा भिंग पुसत होता, पुसतच राहिला. "त्या काठीवर उभी होती ती मैदानात," तो म्हणाला. "गाडी मागे येतेय आणि ही मागे उभी. पाय आखडला असता तर? मला नाही जमत रे ते बघायला. तिथे हजारो माणसं असतील. हिला हरवलेलं सांगता येणार नाही, दुखलेलं सांगता येणार नाही. मी बाजूला नसलो तर हिच्यासाठी बोलणार कोण?"

तो खोटं बोलत नव्हता. वहिनी उठल्या. काठी न घेता, टेबलाच्या कडेला धरून माझ्यापर्यंत आल्या आणि हात पुढे केला. त्यांना माझा फोन हवा होता.

"मी लावतो, मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो.

त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "मी."

फोनवर बोलणं त्यांना सगळ्यात अवघड. समोर माणूस असला की हात, डोळे, मान, सगळं मदतीला येतं. फोनला यातलं काही दिसत नाही. मी नंबर लावून आवाज मोठा केला.

"हॅलो? कोण?"

"घ... घ..."

"हॅलो? ऐकू येत नाहीये. कोण आहे?" आणि फोन कट.

दादा पुढे सरकला. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला. मी पुन्हा नंबर लावला. या वेळी त्या खुर्चीत बसल्या, पाठ ताठ केली, घसा खाकरला, आणि पलीकडून "हॅलो" आलं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

पलीकडे सामसूम.

"घरगाडी," वहिनी म्हणाल्या. "रद्द... नाही. आम्हाला... हवी आहे."

"बाई," मालक चाचरत म्हणाला, "तुम्ही स्टँडवरून बोलताय का?"

"नाही. घरून."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "ते मोठ्या शहराचं बुकिंग ना? पण तुमच्या मिस्टरांनी तर..."

"मिस्टर," वहिनी म्हणाल्या आणि बराच वेळ थांबल्या. मालकही थांबला, ते बरं केलं त्याने. "मिस्टर घाबरले."

"आणि तुम्ही?"

"मी पण." त्यांनी श्वास घेतला. "पण हवी."

"ठेवतो तुमच्यासाठी," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्या घामाने निथळत होत्या, जणू पोतं उचलून आणलं होतं. दादा खाली मान घालून बसला होता. "चुकलो मी," तो म्हणाला. "पण तुला काही झालं तर..."

"झालंय," वहिनी म्हणाल्या. "ते झालं. आता... नाच."

दादाने कधी लग्नाच्या वरातीतही पाय उचलला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन माझ्याबरोबर मालकाकडे आला आणि घरगाडीचा पलंग, दाराची पायरी, संडासाचा दरवाजा, सगळं मोजून घेतलं. पायरी उंच होती म्हणून त्याने एक लाकडी पाट करून आणला, खाली रबर लावलेला, जराही न डगमगणारा. पलंगाच्या कडेला धरायला दांडा बसवला. माणूस माफी मागतो ती अशीही मागतो.

निघालो ती सकाळ ढगाळ होती. मोठा पूल मोठा नव्हताच. एक ओढा आणि त्यावर तीन कमानी. वहिनी पलंगावर पडून खिडकीतून बघत होत्या, त्यांनी तोंड वाकडं केलं. घाटमाथा मात्र त्यांनी कल्पिला असेल त्याहून चांगला निघाला. खाली सगळं खोरं पसरलेलं, आणि एक म्हातारा बसथांब्याच्या बाकावर गाढ झोपलेला. तळं आटलं होतं, त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. वहिनी प्रत्येक ठिकाणी उतरायच्या, काठी टेकून चारी बाजूंना बघायच्या, आणि मान डोलवून परत चढायच्या. मला वाटतं, एवढी वर्षं ज्यांची नुसती नावं माहीत होती त्यांची त्या ओळख करून घेत होत्या.

शहराबाहेरच्या मैदानात घरगाड्यांची वेगळी रांग होती. फिजिओ पोरीने आधीच चौकशी करून ठेवली होती. ज्यांना उभं राहायला त्रास होतो त्यांच्यासाठी एका बाजूला उंच लाकडी मंच होता, कठड्यासकट. दुपारी आम्ही तिथे पोहोचलो. वहिनींच्या कानात बोळे, डोक्यावर टोपी. दादाच्या कानात बोळे आणि त्यावर कापूस.

मग संगीत सुरू झालं. घरातल्या स्पीकरवर जे ऐकू यायचं ते इथे पायातून वर चढत होतं. फळ्या थरथरत होत्या. वहिनींनी कठडा धरला, आणि उजवा पाय, तोच पाय, ठोक्यावर उचलला आणि टेकवला. उचलला आणि टेकवला. खांदे हलायला लागले. दादा त्यांच्या मागे हात पसरून उभा होता, झेल घ्यायला उभं राहतात तसा.

मी आजूबाजूला पाहत होतो, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या गोंगाटात कोणीच धड बोलत नव्हतं. बोलता येतच नव्हतं. चाकाच्या खुर्चीतला एक टक्कलवाला बाटली वर करून भुवया उडवायचा, म्हणजे पाणी हवं का. एक बाई सूर्याकडे बोट करून स्वतःची टोपी वहिनींच्या टोपीवर आपटायची आणि हसायची. "तिकडे!" "मस्त!" "चल!" याच्यापलीकडे कोणाचं वाक्य जात नव्हतं. वहिनी हातवारे करत होत्या, डोळ्यांनी बोलत होत्या, एकेक शब्द टाकत होत्या, आणि त्या हजारो माणसांत त्यांच्याहून जास्त कोणी बोलत नव्हतं. एवढ्या दिवसांनी त्यांना कोणापेक्षा काही कमी पडत नव्हतं.

वहिनींनी वळून दादाचे पसरलेले हात धरले आणि ठोक्यावर हलवायला लागल्या. दादा बिचारा ठोका चुकवत होता. पण हलत होता. मी दुसरीकडे बघितलं. थोरल्या भावाला नाचताना पाहायची हिंमत अजून माझ्यात नाही.

दोन दिवस राहिलो. वहिनी दमल्या की घरगाडीत येऊन झोपायच्या आणि उठल्या की पुन्हा मंचाकडे बोट दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी पाय सुजला तेव्हा त्यांनी स्वतः "दुखतंय" असं सांगितलं, आणि दादाने ते ऐकून घेतलं, आधीच ओळखायला गेला नाही.

परत येताना एका पेट्रोलपंपावर थांबलो. नळी हातात घेतलेल्या पोरीने घरगाडीकडे कौतुकाने पाहिलं आणि खिडकीत बसलेल्या वहिनींना विचारलं, "कुठून आलात?"

दादाचं तोंड उघडलं. मग मिटलं. तो खाली उतरला आणि स्वच्छच असलेली पुढची काच फडक्याने पुसायला लागला. पोरगी वाट बघत उभी. मागच्या गाडीने हॉर्न दिला. वहिनी शब्द शोधत होत्या, शहराचं नाव शोधत असाव्यात, ते काही सापडेना. मग त्यांनी ते सोडून दिलं.

"नाचून," त्या म्हणाल्या.

पोरीने काठीकडे पाहिलं, दादाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "दोघंही?"

"दोघं," वहिनी म्हणाल्या, आणि काचेपलीकडे दादा कानापर्यंत लाल झाला.